हे तुम्हीच का?

उमरग्यात हायवेलगत आमची रक्त-लघवी तपासणीची लॅब आहे. ‘आमची’ हा शब्द मी अलीकडे लिहू लागले. पूर्वी तो उच्चारतानाही मी जपत असे, कारण लॅब माझ्या यजमानांची होती आणि त्याआधी ती यजमान व माझे थोरले दीर अशा दोघांची होती. मी गणितात एम.एस्सी. झालेली. वडील शिक्षक होते आणि मुलीने शिकलेच पाहिजे यावर त्यांची बुद्धवंदनेइतकीच श्रद्धा होती. त्या शिक्षणाचा उपयोग मी घरच्या शिकवण्यांपुरता केला. पन्नाशी ओलांडल्यावर, मुली आपापल्या गावी गेल्यानंतर, संगणकावर प्रोग्राम लिहायला शिकले. कुणाला सांगितले नाही. या वयात काही नवे सुरू करणारे माणूस थोडे चोरटेपणानेच ते करते, असा माझा अनुभव आहे.

यजमानांच्या डोळ्यांनी ती गुप्तता मोडली. मधुमेहामुळे डोळ्यांतल्या पडद्याला इजा झाली होती. डॉक्टरांनी इंजेक्शने दिली आणि संध्याकाळी संगणकासमोर बसणे बंद करायला सांगितले. नेमके संध्याकाळचेच काम आमच्या लॅबचा कणा होते. सोलापूरच्या एका हृदयरोगतज्ज्ञांचे बरेच रुग्ण उमरगा-लोहारा भागातले आहेत. हृदयातली झडप बदललेल्या या लोकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते, आणि गोळी किती घ्यायची हे त्या दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टवर ठरते. सकाळी आमच्याकडे रक्त द्यायचे, संध्याकाळी सहाच्या आत रिपोर्ट सोलापूरला ईमेलने जायचा, आणि डॉक्टर रात्रीची मात्रा रुग्णाला कळवायचे. रुग्णालयाच्या नोंदीत रिपोर्ट आपोआप चढावा म्हणून ते ईमेलच मागत, मोबाईलवरचे फोटो चालत नसत. रिपोर्ट चुकला तर रुग्ण आदल्याच मात्रेवर राहणार. वरचेवर चुकला तर डॉक्टर हे रुग्ण दुसऱ्या लॅबकडे पाठवणार, आणि ते गेले की आमच्याकडे फारसे काही उरणार नव्हते.

मी भीतभीत म्हणाले, की रिपोर्ट पाठवण्याचे काम मी लिहिलेला प्रोग्राम करू शकेल. यजमानांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. “आणि चुकला तर पेशंटला तूच सांगणार का?” त्यांनी विचारले. त्यात कडवटपणा नव्हता, खरी चौकशी होती. मग महिनाभर करून बघ, नाही जमले तर एखादा ऑपरेटर ठेवू, असे ठरले.

स्क्रिप्टचे, म्हणजे या छोट्या प्रोग्रामचे, काम समजायला अवघड नाही. एका फोल्डरमधून त्या दिवसाचे रिपोर्ट उचलायचे, मेल कंपनीच्या सर्व्हरला नाव आणि पासवर्ड सांगायचा, आणि एकेक रिपोर्ट जोडून मेल रवाना करायची. पहिल्या प्रयत्नात सर्व्हरने दारच उघडले नाही. मी जोडणीचा क्रमांक चुकीचा लिहिला होता. तो दुरुस्त केल्यावर दार उघडले, पण आतल्याने मला ओळखायला नकार दिला. नाव आणि पासवर्ड मान्य नाही, एवढेच वाक्य तांबड्या अक्षरांत येई. पासवर्ड तर बरोबर होता. तोच टाकून मी स्वतः मेल उघडत होते. अपमान झाल्यासारखे वाटले. शोधाशोध केल्यावर कळले की कंपनी आता अशा प्रोग्रामांवर भरवसा ठेवत नाही. त्यांच्यासाठी खात्यात जाऊन वेगळा, लांबलचक पासवर्ड तयार करून घ्यावा लागतो. तो मी लॅबच्या संगणकावरून केला. त्या संध्याकाळी सगळे रिपोर्ट सोलापूरला पोचले. मी कुणालाही न सांगता गोड शिरा केला. यजमानांनी विचारले तेव्हा रवा संपवायचा होता असे सांगितले.

दुसऱ्या दिवशीही रिपोर्ट गेले. तिसऱ्या दिवशी तेच तांबडे वाक्य पुन्हा आले.

नवशिक्या माणसाचा पहिला संशय स्वतःवर जातो, तसा माझाही गेला. मी सगळा प्रोग्राम अक्षर अक्षर तपासला. काहीही बदललेले नव्हते. नवा पासवर्ड तयार केला, काम सुरू झाले. एक-दोन दिवसांनी पुन्हा बंद. गणितात असे होत नाही. काल सिद्ध झालेले प्रमेय आज नाकारले जात नाही. ज्या दिवशी स्क्रिप्ट अडे त्या दिवशी यजमान उठून संगणकापाशी येत, डोळे बारीक करून एकेक रिपोर्ट हाताने जोडत आणि पाठवत. हाताने पाठवलेले बिनतक्रार जात. “माझ्या हातानं जातंय,” ते एवढेच म्हणत आणि डोळ्यांत थेंब घालून आत जाऊन पडत.

मग संशय बाहेर वळला. इंटरनेटच्या जोडणीवर गेला, जोडणीवाल्यावर गेला. तो येऊन तारा हलवून गेला आणि “मॅडम, लाईन एक नंबर आहे” म्हणाला. आणि मग, लिहायला संकोच वाटतो, तो माझ्या यजमानांवर गेला. त्यांना ती खुर्ची सोडायची नसेल. मी झोपले असताना किंवा स्वयंपाकघरात असताना तेच तो पासवर्ड मिटवत असतील. रोज सकाळी लॅब उघडल्यावर फरशी झाडावी तसा ते मेलबॉक्स झाडून काढत. डॉक्टरांच्या मेल ठेवून बाकी इंग्रजी जाहिराती, सूचना, इशारे सगळे न वाचता पुसून टाकत. तेव्हा मी दारातून त्यांच्या बोटांकडे पाहू लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्यावर पाळत ठेवली ती याच काळात. त्यांना ते कळले असावे. एकदा मागे न वळताच म्हणाले, “उभी का राहिलीस? ये, बस की.” मी फडके न्यायला आल्याची बतावणी केली.

एके दिवशी सोलापूरहून डॉक्टरांच्या सहायिकेचा फोन आला. आदल्या संध्याकाळी यजमान डोळ्यांच्या तपासणीला लातूरला गेले होते, स्क्रिप्ट अडली होती, आणि मी हाताने पाठवीपर्यंत सात वाजून गेले होते. बाई शांतपणे म्हणाल्या, की पुन्हा असे झाले तर सर पेशंटना दुसरीकडे जायला सांगतील, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मनाला लावून घेऊ नका हे ज्या सुरात सांगितले जाते, त्या सुरानेच ते मनाला लागते.

त्या दुपारी मी मेलच्या खात्याचे सगळे कोपरे उघडून पाहिले. एका पानावर, हे खाते कोणकोणत्या यंत्रांवर चालू आहे ते दाखवले होते. लॅबचा संगणक होता. यजमानांचा फोन होता. आणि तिसरा, एक जुना फोन. त्याचे मॉडेल वाचताच मी ओळखले. लॅब सुरू झाल्यानंतर दोन्ही भावांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकसारखे दोन फोन घेतले होते. यजमानांचा केव्हाच मोडला आणि बदलला. दुसरा अजून चालू होता. सास्तूरला, थोरल्या दिरांकडे.

थोडे मागचे सांगायला हवे. लॅब उघडली तेव्हा घरातल्या मोठ्या माणसाचा नंबर सगळीकडे द्यायचा ही आमच्याकडची रीत. विजेच्या जोडणीला, गॅसला, बँकेला, तसाच मेलच्या खात्याला दिरांचा नंबर दिला गेला. परवाना यजमानांचा, पण काउंटरवर दीर बसत, रक्त द्यायला आलेल्या घाबरट माणसाला बोलण्यात गुंतवत, गावोगावच्या लोकांना नावाने ओळखत. पुढे रस्ता रुंद झाला, दोघांच्या नावांची जुनी पाटी काढावी लागली. नव्या पाटीवर, नियमाप्रमाणे पात्रता असलेल्याचेच नाव हवे म्हणून, एकट्या यजमानांचे नाव रंगवले गेले. दिरांना आधी कुणी विचारले नाही. त्यांनी पाटी पाहिली, काही बोलले नाहीत, हळूहळू येणे कमी केले आणि शेवटी सास्तूरला शेतीवरच राहिले. भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर मिटवता आले असते.

आता तर सगळे स्पष्ट दिसत होते. पाटीचा राग ते असा काढत होते. सास्तूरच्या घरात बसून, एका बोटाने, ते माझे पासवर्ड खुडत होते. मी यजमानांना सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला आणि मग ताठ झाला. “काढून टाक त्याचा नंबर,” ते म्हणाले. पण नंबर काढायचा म्हटले की खाते आधी त्याच नंबरच्या फोनकडून संमती मागत होते. फोन करा दादांना, मी म्हणाले. “मी का करू?” ते म्हणाले आणि थेंबांची बाटली शोधू लागले.

म्हणून मी लॅपटॉप घेऊन एसटीने सास्तूरला गेले. आमच्या घरात धाकट्या सुना थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलत नाहीत. कुणी तसा नियम केलेला नाही, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्याशी एक वाक्यही सरळ बोलले नव्हते. जे असेल ते जाऊबाईंमार्फत. मी त्यांना मनात दादा म्हणत असे, पण त्या नावाने कधी हाक मारायची वेळच आली नव्हती. लॅपटॉप पदराखाली धरून बसमध्ये बसले असताना, काय बोलायचे याची मी जुळवाजुळव करत होते, तीही जाऊबाईंना उद्देशूनच.

भूकंपानंतर बांधून मिळालेल्या घरांच्या ओळीत त्यांचे घर आहे. जाऊबाईंनी चहा दिला, मुलींची चौकशी केली. फोन बुद्धाच्या मूर्तीखालच्या फळीवर उभा करून ठेवला होता. तिथेच तेवढी रेंज येते, त्या म्हणाल्या, म्हणून तो दिवसभर तिथेच असतो. ऊन कलल्यावर दीर शेतातून आले, हातपाय धुतले, मला पाहून मान हलवली आणि फोन उचलून फळीखालच्याच भिंतीला टेकून बसले.

मी जाऊबाईंना म्हणाले, लॅबच्या मेलचे काहीतरी अडले आहे, दादांच्या फोनवर काही येते का ते विचारा.

दीर समोरच्या भिंतीकडे पाहत जाऊबाईंना म्हणाले, “तिला म्हणावं, लॅबमधी चोर शिरलाय. कवाच. म्या हाकलायलोय त्याला.”

“ती हितंच बसलीय,” जाऊबाई म्हणाल्या. “तिला काय ऐकू येईना का?”

“तरी म्हणावं.”

चोर कशावरून, असे मी जाऊबाईंना विचारले. दिरांनी फोन त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो माझ्याकडे दिला. पडद्यावर इशाऱ्यांची रांग होती. मी प्रत्येक नवा पासवर्ड तयार केला की त्या फोनला कळवले जात होते: तुमच्या खात्यात कुणीतरी नवा पासवर्ड तयार केला आहे, हे तुम्हीच का? खाली दोन बटणे. होय. नाही.

“मला इचारतंय, हे तुम्हीच का म्हणून,” दीर म्हणाले. “म्या कसा असंल? म्या रानात हाय. न्हाय दाबलं. मग इचारतंय, काढून टाकायचं का. काढ म्हणलं. परत दोन दिसानं हाय, परत तेच. लई चिवट चोर हाय.”

मी त्या चिवट चोराकडे पाहिले. तो म्हणजे मीच होते, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. त्यांना विचारलेल्या प्रश्नाला ते प्रत्येक वेळी खरे उत्तर देत होते. शेतातून आल्यावर, रेंजच्या फळीपाशी, हात पुसून. म्हणूनच माझी स्क्रिप्ट कधी एक दिवस जगायची, कधी दोन. फोन त्यांच्या हाती कधी पडतो यावर ते होते.

मला हायसे वाटायला हवे होते, पण संशय एकदा लागला की चटकन निघत नाही. तो जाऊबाईंच्या तोंडून बाहेर पडला, मी न विचारता. “लॅबचं कोण असंल, असं वाटलं न्हाय व्हय तुमाला?”

दिरांनी एकदा फोनकडे पाहिले. मग म्हणाले, “वाटलं की.”

“मग?”

“मग त्यांनी सांगाया नको?”

मी फोन जाऊबाईंमार्फत त्यांना परत दिला. मग फळीजवळ सरकून लॅपटॉप उघडला आणि माझ्या फोनच्या इंटरनेटला जोडला. खात्यात शिरायला लागले तर, जागा नवी असल्यामुळे, खात्याने पुन्हा त्यांच्या फोनकडे धाव घेतली. माझ्या पडद्यावर एक आकडा आला. त्यांच्या फोनवर तीन आकडे येणार होते, त्यांतला तोच दाबायचा होता, आणि त्याला मुदत अगदी थोडी होती. मी जाऊबाईंना आकडा सांगितला. जाऊबाईंनी दिरांना सांगितला. दिरांनी जाऊबाईंना विचारले, कशासाठी. जाऊबाईंनी मला विचारले. मी सांगेपर्यंत मुदत संपली. दुसऱ्यांदा आकडा आला. जाऊबाई चुलीवरचे दूध उतरवायला उठल्या होत्या. त्या परत येईपर्यंत तोही गेला. लॅपटॉपच्या कोपऱ्यात घड्याळ दिसत होते. सहा वाजायला फार वेळ नव्हता, उमरग्यात यजमान खुर्चीत बसून वाट पाहत होते, आणि त्या दिवशीचे रिपोर्ट फोल्डरमध्ये पडून होते; एकेक हाताने पाठवायला आता वेळ पुरला नसता. त्यातला एक तर सास्तूरच्याच म्हाताऱ्या बाईंचा होता. त्यांना दीर नक्कीच ओळखत असणार.

तिसरा आकडा आला.

“दादा,” मी म्हणाले, “सत्तेचाळीस दाबा.”

दूध उतरवून परतलेल्या जाऊबाई जागीच थांबल्या. दिरांनी माझ्याकडे पाहिले. फोनकडे पाहिले. बोट पडद्याच्या वर धरून ठेवले आणि, आता जाऊबाईंना मध्ये न घालता, मलाच विचारले, “माझा नंबर काढायला आली व्हय?”

खोटे बोलायला मला अवधी मिळाला नाही. बोट वर होते आणि मुदत संपत होती. “काढायचं ठरवूनच आले होते,” मी म्हणाले.

त्यांनी सत्तेचाळीस दाबले.

“पाटीच्या टायमाला कुणी इचारलं न्हाय,” ते म्हणाले. “तू निदान इतक्या लांब तरी आली. काढ.”

खाते उघडले. नंबरच्या पुढे दोन खुणा होत्या, एक काढण्याची, एक आणखी भर घालण्याची. मी भर घालण्याची दाबली आणि यजमानांचा नंबर दुसरा म्हणून लिहिला. काय केले ते दिरांना सांगितले. त्यांना ते पसंत पडले नाही. दोन नंबर असले तर कुणाचं खरं धरणार, असे त्यांनी विचारले, आणि तो प्रश्न चुकीचा नव्हता. मग मी स्क्रिप्टसाठी नवा पासवर्ड तयार केला. फळीवर परत ठेवलेला फोन वाजला. ते उठले, इशारा वाचला, माझ्याकडे पाहून खात्री करून घेतली आणि पहिल्यांदा ‘होय’ दाबले. मी यजमानांना फोनवर नवी अक्षरे एकेक करून सांगितली. त्यांनी ती डोळे ताणून टाइप केली. पलीकडून कळफलकाचा आवाज येत होता.

परतीच्या एसटीत असताना यजमानांचा फोन आला. सगळे रिपोर्ट गेले होते, सहाच्या आत, आणि सोलापूरच्या बाईंनी पोच दिली होती. मी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी विचारले, “तू बोललीस त्याच्याशी? सरळ?” मी होय म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही. “काय म्हणालीस?” सत्तेचाळीस, मी म्हणाले. पुढे त्यांनी विचारले, “नंबर काढलास ना?”

नाही, मी म्हणाले. आता नवीन काही करायचे असेल तर आधी त्यांना फोन करून सांगायचे, आणि तो फोन मी करणार नाही, तुम्ही करायचा. ते यावर काही बोलले नाहीत. रेंज गेली असावी, किंवा गेली नसावी.

स्क्रिप्ट चालू आहे. डॉक्टरांचे रुग्ण आमच्याकडेच आहेत, आणि ऑपरेटर ठेवावा लागलेला नाही. पण मध्यंतरी लॅबचा संगणक बदलावा लागला आणि खात्याने सगळी ओळख नव्याने मागितली. मी नव्या संगणकापाशी बसले, यजमानांकडे फोन सरकवला आणि पडद्याकडे पाहत राहिले. त्यांनी नंबर लावला. बराच वेळ वाजला. मग ते म्हणाले, “मी हाय.” मग जरा मोठ्याने, “अरे मीच हाय, लॅबमधून.” पलीकडच्याचे समाधान झालेले नसावे. कंपनीच्या प्रश्नांवरून दिरांनी एक धडा घेतला होता आणि आता ते स्वतःच प्रश्न विचारत होते. यजमान कपाळावर आठी घालून लहानपणचे काहीतरी आठवू लागले.

“काळ्या बैलाचं,” ते शेवटी म्हणाले. “डावं शिंग.” थोडे थांबून त्यांनी पुढे जोडले, “पण मोडलं ते तुझ्यामुळं, माझ्यामुळं न्हाय.”

माझ्या पडद्यावर हिरवी खूण उमटली, खाते उघडले, मी स्क्रिप्ट नव्या जागी बसवली आणि एक चाचणी मेल पाठवून पाहिली. ती गेली. यजमान अजून फोनवरच होते आणि शिंग कुणामुळे मोडले याबद्दल दोघांपैकी कुणीही दुसऱ्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते.